गरम इंजिन आणि बोडीचं पाणी

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून ट्रॅक्टर मीच चालवून राहिली. माय म्हणते, तिकडून सगळं दिसते. मग परवाचंही दिसलं असेल, म्हणून स्वतःच लिहून टाकते. उद्या सकाळी हरिदास मिस्त्रीले उत्तर द्यायचं आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

इंजिनाचा ब्लॉक फुटला बाबा. माझ्या हातानं फुटला.

डोंगराकडच्या बांधीत चिखलणी चालू होती. पाइप गळला, इंजिन तापलं, वाफ निघाली. मी घाबरली आणि बांधाजवळच्या तळ्यातून, बोडीतून, गार पाण्याची बादली भरून रेडिएटरमध्ये ओतली. अशा वेळी इंजिन बंद करून झाडाखाली बसायचं, हे तुम्ही कितीदा सांगितलं! पण धानाच्या रोवण्याच्या बाया बांधावर येऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर बसून कशी राहू? आतून तड् असा आवाज आला, तेव्हाच समजलं.

मायले मी सांगितलं, जुनाच होता, आपोआप गेला. ती म्हणाली, "त्यांच्या हातचं होतं, तेवढंच टिकायचं होतं." त्या दिवशी मले जेवण गेलं नाही.

तुमसरले मिस्त्रीनं पाहिल्याबरोबर म्हटलं, "पोरी, नवा ब्लॉक घे." मी म्हटलं, नाही, हाच बांधा. वेल्डिंग करा, लायनर टाका, पण हा माझ्या बाबांचा आहे. काहून एवढी अडली मी? तुमचा ब्लॉक वाचला तर माझी चूक झालीच नाही, असं वाटून राहिलं होतं. शिवाय नवा यायले आठवडा लागते. इकडं रोवायचे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, पिवळे पडून राहिले, आपलेच नाही, आपल्या ट्रॅक्टरच्या भरवशावर बसलेल्या चार घरांचे. लोक सारखे विचारतात, कवा येते ट्रॅक्टर? आणि बांधलेला ब्लॉक पुन्हा भर चिखलात फुटला तर?

मिस्त्रीनं माझ्या हातात पाना दिला. "बाजारात माठ घेतेस ना? तसा वाजवून पाह्य."

माझ्या तडीजवळ बद्द वाजला. मागच्या बाजूलेही बद्द. तिथं त्यानं रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा जुना टाका.

"हा माझ्याच हातचा," तो म्हणाला. "तुझ्या बापानंही असंच बोडीचं पाणी ओतलं होतं. रोवण्याचेच दिवस. घरी सांगू नको म्हणे. वरून रंग मारून नेला."

बाबा, तुम्हीबी? आणि मले मात्र दर रोवण्याले तंबी! एकदा तरी सांगायचं होतं ना, मी ओतलं, फुटला. मी थांबली असती. नुसतं 'ओतू नको' ऐकून कोण थांबते?

दुकानातच हसायले आलं, मग रडू आलं. राग अजून आहे.

दोन जागी तडकलेला ब्लॉक बांधून चिखलात घालणं बरं नाही, एवढं मलेही कळते. उद्या नवाच सांगते. तोवर पऱ्हे टिकतील का, लोक थांबतील का, याचीच धास्ती आहे.

पण नव्या ब्लॉकवर रंग मारायची पाळी येऊ देणार नाही. आज सांजेले मायजवळ बसते आणि दोन्ही बादल्या सांगून टाकते. आधी माझी, मग तुमची.

इंजिन थंड होईपर्यंत बसायले शिकून राहिलेली,
तुमची सुमन