चामखिळीची सावली

८ नोव्हेंबर २००५
फोटो! फोटो! इदरीस मामूंनी डोकं खाल्लं. भिवंडीचं स्थळ आणलंय — मुलगा बासित, लग्नपत्रिका छापतो. त्यांना माझा फोटो हवा. अब्बा म्हणाले, "आपल्याच स्टुडिओत काढ की." काढते ना! असा काढते की भिवंडीवाले जव्हारचा रस्ता विसरतील. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर आत्ता कुठे हात बसतोय. तो सोडून मला कुठेही जायचं नाही.

९ नोव्हेंबर
खऱ्या फोटोवर खोडाखोड केली की कळतं. म्हणून कोऱ्या पानावर, माउसने, अख्खा चेहरा रंगवतेय. शेजारी आरसा. डोळे तिरळे, दात पुढे, नाकावर चामखीळ — वाटाण्याएवढी!

पोशेऱ्याची पुष्पा पासपोर्ट फोटोला आली होती. पडद्याकडे बघून म्हणाली, "कोन गं ही? चुलीत तोंड घातलं का हिनं?" खरंच की! सावलीला मी निव्वळ काळा वापरला होता.

११ नोव्हेंबर
काळा बंद. सावलीला तपकिरी, त्यात जरासा जांभळा. उजेडाला पिवळसर — पांढऱ्याने गालाला चुना फासल्यासारखं दिसतं. हनुवटीखाली ओढणीची हिरवी छटा मारली आणि चेहरा एकदम जिवंत! उजेड डावीकडून, म्हणजे सगळ्या सावल्या उजवीकडे. चामखिळीचीसुद्धा. तिला एक चमकता ठिपकाही दिला. लाडकी आहे माझी.

१२ नोव्हेंबर
लाइट गेली. सेव्ह केलं नव्हतं. अर्धा जबडा गेला!

१४ नोव्हेंबर
अब्बा शाळेचे फोटो काढायला मोखाड्याला. तेवढ्यात प्रिंट मामूंच्या हातात. चष्मा लावून, दारात उजेडाला धरून निरखला. म्हटलं, मेले आता! तर म्हणतात कसे, "माशाल्ला, हुबेहूब आलाय!"

हुबेहूब?? जेवले नाही. सारखी आरशात बघतेय.

२१ नोव्हेंबर
नकार नाही! उलट मुलाचाच फोटो आला. अम्मी बघून रडायलाच बसली. तुळतुळीत टक्कल, कान सुपाएवढे, एक दात गायब. अब्बा म्हणाले, "इदरीस, उद्या जाऊन नाही सांगून ये." सुटले बाई! अम्मीला पाणी दिलं आणि आत जाऊन पोटभर हसले.

२२ नोव्हेंबर
सकाळी फोटो पुन्हा बघितला. टकलावर उजेड डावीकडून, नाकावर उजवीकडून. कानांखालची सावली निव्वळ काळी. रंगवलाय! मामू एसटीत चढत होते — धावत जाऊन उतरवलं. हा माणूस मला बघायचाच आहे.