तोंडात कापूस असताना

वालूर, मंगळवार, दिवेलागण

आज परभणीला अक्कलदाढ काढली. डॉक्टरीणबाईंनी जखमेवर कापूस दाबून बजावलं, तासभर दात आवळून बसा, बोलू नका.

परतताना एसटीत ही हळूच म्हणाली, "आवो, पूर्णेच्या आक्काला लय कमी दिसायलंय. परवा चुलीवर हात पोळला. मला तिच्यापाशी जाऊन राह्यचंय."

एरवी मी तिथंच तोडलं असतं, इथलं घर कोण बघणार म्हणून. माझ्या जिभेला कुठलं हाड! पण तोंडात कापूस. ती बोलत राहिली. आई गेल्यावर आक्कानंच तिला लहानाचं मोठं केलं, स्वतःच्या ताटातलं भरवलं. इतकी वर्षं संसार केला आणि हे मला ठाऊक नव्हतं? की तिनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही?

तास केव्हाच झाला होता. कापूस मी काढला नाही. नुसती मान डोलावली.

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "दोन दिवसांसाठी न्हाई म्हणायले मी. आक्का हाय तवर."

म्हणजे किती दिवस, कुणाला ठाऊक. कापसावर दात आवळले तशी दाढेची जागा ठणकली. मी पुन्हा मान डोलावली.