दुरुस्तीचा आकडा

ता. १४, गुरुवार

काडी, तुला आईचा पोटभर आशीर्वाद.

आता पोट सुटलं असलं तरी माझ्यासाठी तू काडीच. तू बरा असशील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या आत्यासारखा, त्याला कारण लागत नाही. शेजारीण रोज सुनेच्या कागाळ्या सांगते, सून सासूच्या सांगते. मी दोघींना हो म्हणते. दोन्हीकडून भाजी येते.

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम चार पानं, म्हणून दचकू नकोस. म्हातारी धडधाकट आहे.

मला काम लागलंय. पत्रकारांना पैशाच्या गोष्टी शिकवणारी एक संस्था आहे, तिथं चहा आणि झाडलोट. धंद्याच्या बातम्या लिहिणारे येतात, कंपन्यांचे अहवाल कसे वाचायचे ते शिकायला. चांगले इस्त्रीच्या शर्टातले, पण टक्के काढायला सांगितले की एकमेकांच्या वहीत डोकावतात, अगदी आमच्या चौथीच्या वर्गासारखे. एकाला मी चहा देता देता म्हटलं, "दादा, भागाकार उलटा झालाय." तेव्हापासून तो मला मॅडम म्हणतो आणि मास्तरांनी मला मागच्या बाकावर बसू दिलंय.

मास्तर म्हणजे टक्कल पडलेले हिशेबनीस. सगळा जन्म कंपन्यांची पुस्तकं तपासण्यात गेला. त्यांचं एकच पालुपद, "पुढची रंगीत पानं सोडा, तिथं अध्यक्ष हसत असतात. मागून वाचायला लागा." मी म्हटलं, "मग पुढची छापतात कशाला?" तर म्हणाले, "तुम्ही मागं जाऊ नये म्हणून."

इथवर गंमत. पुढचं लिहायच्या आधी मी उठून दोनदा भांडी घासून आले. घासलेलीच घासली.

सोमवारी मास्तरांनी भिंतीवर एक जुनी बातमी दाखवली. 'काटकसरीमुळे नफा दुप्पट.' लिहिणाऱ्याच्या नावावर त्यांनी कागदाची पट्टी लावली होती. मला कसली पट्टी? ते कात्रण तुझ्या बाबांनी खळ करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. भेटेल त्याला सांगायचे, आमच्या कारखान्याची बातमी आमच्याच पोरानं लिहिली.

"यात काय चुकलं?" मास्तरांनी विचारलं. सगळे एकमेकांच्या वहीत डोकावले. मग त्यांनी कारखान्याचा त्या वर्षीचा अहवाल लावला, पार शेवटचं बारीक अक्षरातलं पान. दुरुस्ती आणि देखभाल, आदल्या वर्षी ऐंशी लाख. त्या वर्षी नऊ. "यानं अध्यक्षांचं भाषण उतरवून काढलं," मास्तर म्हणाले, "हे पान उघडलंसुद्धा नाही." वर्ग हसला.

माझ्या हातात रिकामे कप होते. मी विचारलं, "मग ते दुरुस्तीचे पैसे गेले कुठं?"

"कुठं गेले नाहीत, मावशी. खर्चच केले नाहीत. तेच नफा म्हणून दिसतात."

"म्हणजे साखळी बदलली नाही, त्याचा नफा."

ते माझ्याकडे वळले. "साखळीचं कुणी सांगितलं तुम्हाला? इथं नुसता आकडा आहे."

"असंच," म्हटलं आणि कप धुवायला गेले.

तू चुकलास, काडी. ते मी गोड करून सांगणार नाही. पण ते पान उघडायला तुला कुणी शिकवलं नव्हतं. त्या खोलीतल्या अठराजणांनी तीच बातमी तशीच लिहिली असती, हसले तरी.

बाबा गेले त्या दिवशी दारात, सगळ्यांदेखत, मी तुला म्हटलं, "तुझ्या बातमीनं माझा माणूस नेला." चपला घातल्यास आणि गेलास. पेपरची नोकरी सोडून कुठल्याशा गोदामात खोकी मोजतोस म्हणे. तुझा जुना सोबती या वर्गात आहे, त्यानं सांगितलं. पत्ताही त्याच्याकडूनच घेतला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

त्या सकाळी तुझे बाबा जाणार नव्हते. डबा भरून तयार, आणि हे खाटेवर बसलेले. म्हणाले, "माल उचलायची साखळी चार दिवस घसरतेय. साहेब ऐकत नाही. आज जात नाही, लेखी तक्रार देतो." त्यांच्या आवाजात काही होतं. मला ते ऐकू आलं होतं, काडी. पण माझी जीभ तुला माहीत आहे. मी कपाट उघडलं, तुझ्या बातमीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "नफा दुप्पट अन् कामगार घाबरट. पोरगा लिहितो कारखाना ठणठणीत, बाप साखळीला भितो. माझ्या बांगड्या देऊ का भरायला?"

ते हसले. मी चिडवलं की ते नेहमी हसायचे. डबा उचलला आणि गेले.

साडेअकराला मुकादम आला.

बातमी तू लिहिलीस, पण त्यांना ती दाखवून घराबाहेर काढलं मी. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी दारात माणसं जमली, आणि मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, साखळी खराब होती तर ते गेले कशाला? कुणी विचारायच्या आत मी तुझ्याकडे बोट केलं. तू समोर होतास, आणि तू उलटून बोलणार नाहीस हे मला ठाऊक होतं.

तेव्हापासून कुणाला चिडवलं की तो माणूस घरी धड पोचला का, ते विचारून येते. तरी चिडवते. थांबले तर लोक विचारतील काय झालं.

परत ये असं म्हणायला मला तोंड नाही. रागावायचं असेल तर रागाव, पण माझ्यावर. दोन वर्षं तू भलत्याच माणसावर रागावला आहेस, आणि तो बिचारा गोदामात खोकी मोजतोय.

त्यांना हसवून कामावर पाठवणारी,
तुझी आई