व्हिनेगर आणि जर्दाळूचा बहर

प्रिय बालझान,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर धाडलं नाही म्हणून तुझी आई रोज चहाबरोबर टोमणे वाढते. काय करू, थकलोय गं. जर्दाळू फुललाय आणि केसाळ भुंगेरे पुन्हा आलेत. आठवतं, तू लहान असताना मी एका भुंगेऱ्याच्या मिशा कापून दाखवल्या होत्या? फूल वीतभर अंतरावर, आणि स्वारी भलतीकडेच निघालेली. त्यांचं नाक म्हणजे त्या मिशा, हे मी मोठ्या ऐटीत सांगत होतो. तू रडलीस, या बापाला म्हणालीस, “कोके, त्याचं फूल हरवलं!” आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस.

यंदाही भुंगेरे बुडवायला निळ्या घमेल्यांत पाणी भरलं, फुलांचा अर्क ओतला, झाडांखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी घमेल्यांत एकही भुंगेरा नाही, सगळे वर फुलांचे गाभे खात बसलेले. शेजारचा ओरिनबाय वाकून बघतो तर काय! “अहो म्हातारबुवा, हे तर लोणच्याचं व्हिनेगर! नाक आहे की उकडलेला बटाटा?” मीही हसलो. फुलांचे वास ओळखण्याची नोकरी चाळीस वर्षं केली मी. मग घरात येऊन कांदा हुंगला, खोगीर हुंगलं, रॉकेल हुंगलं. छे! कशाचाच वास नाही. नाक हिवाळ्यातल्या तापात गेलं असणार. आता परत येईलसं डॉक्टरला वाटत नाही.

तू गेल्यावर तुझा सदरा आईने न धुता पेटीत ठेवला. मी तो चोरून हुंगायचो, तिला सांगू नकोस. त्या दिवशी तोही काढला. नुसतं कापड.

तू मला पसंत नसलेल्या त्या मुलाबरोबर निघालीस, तेव्हा उंबऱ्यात कपाळ पुढे करून उभी राहिलीस. आपल्यात बाप लेकीचं कपाळ हुंगल्याशिवाय तिला वाटेला लावत नाही, आणि मी मेल्याने तोंड फिरवलं. आता लिहितेस, “कोके, नातवाचं कपाळ हुंगायला या.” मी रागाने गप्प आहे असं तुला वाटत असेल. राग केव्हाच विझला, पोरी. लाज वाटत होती. बाळाच्या कपाळाशी नाक नेऊन खोटं कसं बोलू? पण शुक्रवारच्या बसने येतोय. बाळाचा वास कसा आहे, ते तू मला सांग. आणि त्याच्याआधी तुझं कपाळ पुढे कर.

तुझाच थकलेला,
कोके