तिचे ठोके

४ मार्च
आले बाई एकदाची! खोली छान आहे, खिडकीत ऊन येतं, नळाला पाणी भरपूर. आजवर सगळा जन्म तापाच्या वॉर्डात गेला, आता हार्टच्या वॉर्डात. रोज दुपारी नर्सेसचा वर्ग असतो. मॉनिटरवर पळणारी रेघ वाचायची आणि ठोके सरळ पडताहेत की वेडेवाकडे, ते ओळखायचं. शेवटी परीक्षा. पहिली येईल ती आयसीयूत कायम, बाकीच्या परत आपापल्या वॉर्डात. आईला फोनवर सांगितलं, पहिली मीच येणार. ती म्हणाली, आधी जेवून घे.

७ मार्च
शिकवणाऱ्या बाई कडक, पण समजावून सांगतात. सराव एकमेकींवरच. एकीने पलंगावर आडवं व्हायचं, दुसरीने तिच्या छातीला वायरी जोडून रेघ वाचायची. माझी जोडीदार मैना. सारखी बडबडते म्हणून सगळ्या तिला मैना म्हणतात. गोड आहे. जरा जास्तच गोड. मी छापील रेघेच्या कागदावर पट्टी लावून चौकटी मोजेपर्यंत ही उत्तर देऊन मोकळी!

११ मार्च
आज बाईंनी मैनेची रेघ सगळ्यांना बोलावून दाखवली. इतकी रेखीव, इतकी एकसारखी, म्हणे पुस्तकात छापावी! माझी रेघ बघून नुसतं ‘पुढची’ म्हणाल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाचण्यात हिचा पहिला नंबर, वर हृदयही हिचंच देखणं? मेलीला देवाने काही म्हणून कमी दिलं नाही. वायरी काढताना तिच्या छातीवर हात टेकला आणि मनात म्हटलं, हे मला हवं. अगदी मनापासून म्हटलं.

१२ मार्च
माझी रेघ वाचताना मैना पहिल्यांदाच अडखळली. म्हणाली, ताई, तुमच्या प्रत्येक ठोक्यामागे अजून एक बारीक ठोका आहे. बाई म्हणाल्या, असतात असे जादा ठोके, चहा कमी कर. मैनेच्या रेघेत मात्र आज ठोके विरळ पडले. तिला लवकर घरी पाठवलं. मला बरं वाटलं. वाटलं तर वाटलं!

१६ मार्च
मैना सारखी चुकतेय. मी एकदाही नाही. बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. पण ते जादा ठोके आता मोठे झालेत आणि ते माझे नाहीत. माझे उनाड, कसेही पडतात. हे रेखीव. एकसारखे. पुस्तकात छापावे असे.

१९ मार्च
मैनेला वायरी लावल्या. सपाट रेघ. वायरी बदलल्या, मॉनिटर बदलला, तरी सपाट. यंत्र बिघडलं म्हणून बाई दुरुस्तीच्या माणसाला बोलवायला गेल्या. मी तिचं मनगट धरलं. गार. नाडी लागेना. माझी तर पाचावर धारण बसली. ती हळूच हसून म्हणाली, असू दे ताई, तुम्हालाच हवं होतं ना.

२१ मार्च
दोघींचे ठोके एका छातीत मावत नाहीत. जिना चढवत नाही. डॉक्टर म्हणतात, परीक्षेची धास्ती आहे. मनात शंभरदा म्हटलं, परत घे बाई, घे. काही होत नाही. होणार कसं? मनाचा एक कोपरा म्हणतो, आधी परीक्षा होऊ दे.

२४ मार्च
पहिली आले. मीच! मैना नापास. पण हसली — अभिनंदन म्हणाली — फक्त एकच मागणं, उद्या तुमची रेघ वाचू द्या. नाही कसं म्हणू —

२५ मार्च
पडून लिहितेय. वायरी तिनेच लावल्या. बाई शेजारच्या खोलीत आहेत. मैना एकेक ठोका वाचतेय — हा माझा, हा तुमचा, हा माझा — धान्य निवडावं तशी. तिच्या गालांवर रंग चढतोय. काय दिसते मेली — आत्ताही जळतेय मी —
हा माझा, म्हणाली.
हाही माझाच.
छे — तो उनाड — तो माझा — ओळखते मी — हात उचलवत नाही — बाई, ती चुकतेय — मुद्दाम चु