राब भाजण्याआधीचे ठोके

आये,

हे पत्र तुला पोचायचं नाय. इथून घरी काय कळवायला बंदी आहे. तरी लिहिते, कारण हे इथं कुणाला सांगता येत नाय.

आमच्या अंतराळयानासमोर एक सोडून दिलेलं यान तरंगतंय. सात वर्षांमागं त्यात साथ आली आणि सगळे मेले, अशी नोंद आहे. आता ते लोकवस्तीच्या वाटेवर आलंय. कॅप्टन मी, म्हणून ते जाळायचा हुकूम मला आहे.

शेणव्याला, पावसाच्या आधी, भाताच्या रोपासाठी तू राब भाजायचीस, तेव्हा पालापाचोळ्याच्या ढिगावर आधी काठीनं तीनदा मारायचीस. "निघा रे, आग लावतेय," म्हणायचीस, म्हणजे आतला ससा, सरडा पळून जाईल. मीपण तसंच केलं. यंत्राच्या हातानं त्या यानाच्या पत्र्यावर तीन ठोके मारले, नुसती आपली रीत म्हणून.

आतून तीन ठोके आले.

माझा सहकारी रविंद्र म्हणतो, "पत्रा थंडीनं वाजतोय, कॅप्टन. दार उघडलं तर साथ आपल्याला लागेल." आमी चाळीस जण आहोत. जाळायला अर्धा तास उरलाय.

तुला एक कधी सांगितलं नाय. मी नऊ वर्षांची असताना तू ढिगावर ठोकलंस आणि पेटवायची काडी माझ्या हातात दिलीस. ढीग हालला होता, मी बघितलं होतं. काय हाललं का, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, वारा आहे. मग राखेत ससा सापडला.

आज रविंद्र मला वाराच सांगतोय गो. आणि मला तो खरा वाटायला लागलाय.

तुझी,
रंजिता