मेणाने लिहिलेली नावं

मलकापूर
शनिवार, ४ एप्रिल

प्रिय ताई,

आई गेल्याचं कळवताना मी लिहिलं होतं, की यंदाच्या ईस्टरच्या अंड्यांवर तिने कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. ते चूक होतं. दरवर्षी तू एवढंच विचारतेस, माझं नाव उमटलं का, म्हणून घाईत फ्रीज उघडला आणि उकडलेली पांढरी अंडी पाहून तसं लिहून टाकलं. मेणबत्तीने लिहिलेलं रंगात बुडवल्याशिवाय दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं. शाळेत जायच्या आधी मी त्या अंड्यांवरच तर वाचायला शिकले. कांद्याच्या सालींच्या गार पाण्यातून अंडं काढलं की तांबूस रंगावर पांढरी अक्षरं यायची. मी अडखळले की आई म्हणायची, “सावकाश वाच गं, अक्षर कुठं पळून जात न्हाई.”

तेव्हा आळीतल्या प्रत्येक घराचं अंडं असायचं, अंडीवाल्या इमामचाचांचंसुद्धा. आता चर्चमध्ये पाचगणीहून प्लास्टिकची अंडी येतात, आत चॉकलेट. मुलं चॉकलेट खातात, टरफलं आवारात लोळतात. नाव कुणाचंच नसतं. आई मात्र घरापुरती करायची. पण तू मतीनशी लग्न करून सांगलीला गेलीस, तेव्हापासून त्यात तुझं अंडं नव्हतं. मी रंगवायचे, शोधायचे आणि तुला ‘नाही’ कळवायचे.

माझी चिठ्ठी वाचून तू मातीला आली नाहीस. चिठ्ठी पोचवणारे इमामचाचा म्हणाले, “आई गेली म्हनताच चप्पल घातली हुती पोरीनं. चिठ्ठी वाचली आन् काढून ठिवली.” पप्पांना वाटतं, तू हट्टाने आली नाहीस. आईची माती पुन्हा होणार नाही, ताई. मला प्रार्थनेचे शब्दही सुचत नाहीत.

काल गुड फ्रायडेच्या उपासनेनंतर ती अंडी टाकायला काढली. टाकवेनात. साली उकळल्या, पाणी गार केलं, बुडवली. पप्पांचं नाव आलं, माझं आलं. मग तुझं. शेवटच्यावर वाकडीतिकडी अक्षरं होती: मतीन. हे नाव आईने घरात कधी काढू दिलं नव्हतं. पप्पांना दाखवलं. ते बघून तोंड फिरवून म्हणाले, “त्या घरी गेलीस तर माघारी येऊ नगंस.” दोन्ही अंडी फडक्यात गुंडाळली आहेत. हे पत्र आज इमामचाचांबरोबर देते. तू दार उघडशील की नाही, ठाऊक नाही. पहाटेची उपासना झाली की पहिल्या एसटीने मी निघते आहे, उद्या, ईस्टरच्या रविवारी, ५ एप्रिलला.

तुझीच,
सुवार्ता